बनीएवढा धोंडा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको होती तोवर ती शेजारणींना म्हणायची, "आमचं माणूस नाकावर माशी बसू देत न्हाई." खरंच होतं ते. पाचगणीच्या एका बोर्डिंगात मी बावीस वर्षं सुतारकाम केलं आणि तेवढ्या काळात चार मुकादमांशी भांडलो. पण त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका पोराच्या खुर्चीनं मला जेवढं रडवलं, तेवढं रडवायची कुठल्या मुकादमाची बिशाद झाली नव्हती.

खुर्ची माझ्या नातीची. तिचं नाव बनी. बनुबाई हे माझ्या बायकोचं नाव. ती गेली आणि वर्षाच्या आत नात झाली, म्हणून तेच ठेवलं. बनी तेव्हा दहा महिन्यांची होती. नुकती रांगायला लागली होती, पण रांगायची अशी की आपण खाली वाकून वर बघेपर्यंत पोरगी अंगणाबाहेर.

दहा महिन्यांच्या पोरीला खुर्ची कशाला, हे मला सगळ्या गावानं विचारून झालं. आमच्या गावात तेव्हा खुर्च्या होत्या दोन. एक शाळेत आणि एक पाटलाच्या सोप्यात, तीही पाहुण्यांसाठी. माणसं जमिनीवर बसतात आणि हा सुतार तान्ह्या पोरीला खुर्ची करतोय म्हटल्यावर लोक हसणारच. हसू देत. कारण ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

कारण होतं दुष्काळ. बहात्तरला पाऊस आमच्या माण तालुक्याकडं फिरकलाच नाही. विहिरी आटल्या. जावई नाथाजी वाळव्याकडं कुणाच्या तरी मळ्यावर राबायला गेला आणि माझी लेक अंजना बनीला घेऊन माझ्याकडं राहायला आली. सरकारनं म्हसवडच्या रस्त्याला खडी फोडायचं काम काढलं होतं, त्यावर अंजना जाऊ लागली. मीही जाऊ लागलो. दीडशे माणसांच्या हातोड्यांचे दांडे रोज मोडायचे, ते बसवायचं काम मला मिळालं. मागं घरात कुणी उरलं नाही, आणि बनी अजून अंगावर पीत होती. म्हणून तीही कामावर.

कामावर सगळ्यांचीच पोरं असायची. झोळी बांधावी तर झाडं कुठं होती? चार खुरटलेल्या बाभळी होत्या, त्यांच्या सावलीत बाया पोरं टाकायच्या आणि उन्हात जाऊन बसायच्या. तान्ही पोरं पडून राहायची, पण रांगतं पोर राहतं होय एका जागी? आई दिसली की निघालं. एका दुपारी बनी अशीच अंजनाकडं निघाली. शेजारच्या तानुबाईच्या हातोड्याखालून दगडाची कपची उडाली आणि बनीच्या भुवईवर बसली. डोळा वाचला तो अर्ध्या बोटानं. अंजनानं पदरानं रक्त पुसलं, पोरीला पाजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा पाय दोरीनं बाभळीला बांधायला लागली.

शेरडू बांधतात तसं बांधायची. बनी दोरी ताणायची आणि पालथी पडायची. तोंडात माती जायची, तापलेल्या जमिनीनं गुडघे पोळायचे, आणि ती ओरडायची ते ओरडायचीच. अंजना तिकडं बघायची नाही. मान खाली घालून हातोडा मारत राहायची. बघितलं तर हात चालणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तीन दिवस मी ते सहन केलं. चौथ्या दिवशी उठलो, दोरी सोडली आणि लांब भिरकावून दिली.

"आबा, मग धरून बसा तुमी तिला," अंजना म्हणाली. "मला दोनच हात हायत."

मी कसा धरून बसणार? माझ्या एका हातात लाकूड तासायचा वाकस, दुसऱ्या हातात दांडा. मी आवाज चढवला. "खुर्ची करतो तिला! उंच! वर बसवली की खाली उतरायचं न्हाई, कुठं जायचं न्हाई!"

अशी खुर्ची मी पाचगणीत बघितली होती. शाळेच्या एका बाईंच्या बंगल्यावर होती. कमरेएवढी उंच, पोर आत बसवायचं, पुढून आडवी फळी लावायची, फळीवर त्याची वाटी ठेवायची. तिचा मोडलेला पाय मीच बसवून दिला होता, त्यामुळं तिची आतली रचना मला पाठ होती. पण ती बंगल्यातली खुर्ची, आयुष्यभर एका जागी उभी. आमची खडी रोज पुढं सरकायची आणि काम घरापासून दीड कोस लांब. अंजनाच्या कडेवर पोर, डोक्यावर घागर, हातात हातोडा आणि भाकरीचं फडकं. तेव्हा खुर्ची काखेत मारता आली पाहिजे, म्हणजे तिची घडी झाली पाहिजे. आणि ती घडी अंजनाला एका हातानं घालता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर बनी असणार.

"त्यात काय मोठं हाय?" असं मी त्या दिवशी म्हणालो. हे बोलणं मला पुढं महिनाभर पुरलं.

पहिली खुर्ची मोडक्या बैलगाडीच्या लाकडाची केली. पुढचे दोन पाय आणि मागचे दोन पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकवले, मधे बोल्ट घातला, उघडल्यावर मिटू नये म्हणून बाजूला एक खुंटी ठेवली. आता हिचा भरवसा बघायचा तर वजन पाहिजे. बनीलाच बसवून बघण्याइतका मी मूर्ख नव्हतो. ओढ्यावर गेलो, एका हातावर बनी घेतली आणि दुसऱ्या हातावर एकेक धोंडा तोलायला लागलो. हा हलका, तो जड. बाया पाण्याचा झिरा उपसत होत्या, त्या पोट धरून हसल्या. सात-आठ धोंडे टाकून दिल्यावर एक काळा गुळगुळीत धोंडा सापडला, बरोबर बनीएवढा. डोळे मिटले तर कुठल्या हातावर पोर आहे आणि कुठल्या हातावर दगड, ते वजनावरून सांगता येऊ नये इतका बरोबर. मला त्या धोंड्याचा फार अभिमान वाटला.

धोंडा खुर्चीत ठेवला. संध्याकाळपासून सकाळपर्यंत खुर्ची जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात कामावर नेली, बनीला बसवली, पुढची फळी लावली. बाया गोळा झाल्या. बनीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आईला बघितलं आणि दोन्ही पाय झाडले. खुंटी निसटली आणि खुर्ची पोरीसकट मिटली.

धोंडा लाथा मारत नाही. हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? बावीस वर्षं पोरांच्या शाळेत काढली, पोरं बाकांचं काय करतात ते रोज बघितलं, आणि खुर्चीची परीक्षा घेतली दगडावर. बनीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. अंजनानं तिला उचललं, छातीशी धरलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "आबा, दोरीच बरी हुती."

त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

दुसऱ्या खुर्चीला मी खुंटीच्या जागी लोखंडी कडी लावली. दोन्ही बाजूंना. ही मिटत नव्हती, शंभर लाथा मारा. पण मग ती मिटावी तेव्हाही मिटेना. खडीची धूळ कडीत जाऊन बसायची आणि संध्याकाळी घरी निघताना हातोड्यानं ठोकल्याशिवाय कडी सुटायची नाही. त्यात एकदा बनीचा करदोडा बिजागरीत अडकला. काळा दोरा तुटला म्हणून तानुबाई मलाच बोलली, की पोरीला नजर लागायची ती तुमच्या खुर्चीपायी लागंल. वर ती खुर्ची जड. गाडीचंच लाकूड ते, हलकं कुठून असणार? अंजनानं एक दिवस वाहिली, दोन दिवस वाहिली, तिसऱ्या दिवशी दाराशीच ठेवून निघाली.

"अगं, खुर्ची ऱ्हायली," मी म्हणालो.

"खुर्ची वाहू का पोर, एक काय ते सांगा आबा."

वाकस घेतला आणि खुर्चीवर घालायला गेलो, तो लागला उंबऱ्याला. उंबऱ्याची ढलपी निघाली ती निघाली, वाकसाचा दांडाही मोडला. दुसऱ्यांचे दांडे बसवणारा मी, त्या दिवशी पहिला दांडा स्वतःचा बसवला.

तिसरी खुर्ची कळकाच्या बांबूची केली. हलकी झाली, पण उन्हानं आठवड्यात चिरफळली. तोवर मी सगळ्या कामाच्या थट्टेचा विषय झालो होतो. "काय मेस्त्री, औंधच्या राजाचं सिंहासन कवा हुतंय पुरं?" असं बाया विचारायच्या. हजेरी घेणारा मस्टर कारकून भाऊसो येता-जाता टोमणे मारायचा. त्याचं स्वतःचंच दुखणं वेगळं होतं. मस्टर मांडीवर ठेवून लिहावं लागतं म्हणून तो रोज कुरकुरायचा, आणि म्हणायचा, "हितं सरकारी कामाला टेबल न्हाई आन् तुमच्या नातीला खुर्ची. वा रं वा."

मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्या लोकांत एकटा धुळा हसला नव्हता. धुळा आटपाडीकडचा धनगर. अर्धी मेंढरं विकली होती, उरलेली भावाबरोबर घाटाखाली पाठवली होती, आणि स्वतः एका घोड्यावर पाण्याचे डबे घालून कामावर पाणी पुरवत होता. तो बोलायचाच कमी. चिरफळलेला कळक मी पायानं मोडत होतो, तेव्हा तो घोड्याला सावलीत उभं करून माझ्याजवळ येऊन बसला.

"मेस्त्री, तुमी पोरीबरुबर भांडायलाय," तो म्हणाला.

"मी कशाला भांडू? खुर्चीच ऐकत न्हाई."

"ती लाथ मारती म्हनून तुमी तिला दाबून धरनार. ती आनी जोरात मारनार. त्यापरीस तिचं वजनच कामाला लावा की."

मला समजलं नाही. तो उठला आणि मला घोड्याजवळ घेऊन गेला. डबे ज्या दोरीनं बांधले होते, तिची गाठ दाखवली. डबा लोंबकळत होता तोवर गाठ दगडासारखी घट्ट होती. त्यानं एका हातानं डबा जरासा वर उचलला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं गाठ सोडली.

"वजन पडलं की आवळती," धुळा म्हणाला. "वजन उचाललं की सुटती. डोंगरात एकल्यानं वझं उतरायचं तर अशीच गाठ लागती. एक हात वझ्याला, एक गाठीला."

एक हात ओझ्याला आणि एक गाठीला. मी महिनाभर हेच तर शोधत होतो, आणि ते रोज दोन वेळा माझ्यासमोरून पाण्याचे डबे घेऊन जात होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हे. मला इतका राग आला की धुळ्याला धड शाबासकीही देता आली नाही. "आधी का न्हाई सांगितलंस रं?" म्हणून त्याच्यावरच खेकसलो.

"तुमी कुटं इचारलं?" तो म्हणाला, आणि घोडं घेऊन निघून गेला.

चौथी खुर्ची मी पाच दिवसांत केली. पाय सागाच्या जुन्या चौकटीतून काढले, बोटभर जाडीचे. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे एक आडवी पट्टी घातली, पण अखंड नाही. मधोमध गुडघ्यासारखी वाकणारी. गुडघा सरळ झाला की पाय फाकून पक्के उभे राहायचे, वाकला की मिटायचे. बसायला लाकूड नाहीच, जाळी. मेंढरं रात्री कोंडायला धनगर जाळी लावतात, तिचा एक तुकडा धुळ्यानं न मागता आणून दिला. जाळी त्या गुडघ्याला बांधली. पोर जाळीत बसलं की त्याचं वजन गुडघा खाली दाबून सरळ करणार. ते जितकं हलेल, लाथा मारेल, तितका गुडघा जास्त घट्ट बसणार. आणि पोर उचललं की सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुडघा वर ओढणार आणि खुर्ची आपली आपण मिटणार. पुढं वाटी ठेवायला सपाट फळी, रंधा मारून गुळगुळीत केलेली.

या वेळी धोंडाही ठेवून बघितला आणि मग पोरगीही. बनीनं लाथा मारल्या. खुर्ची उभी. तिनं अंग मागं टाकलं, पुढं टाकलं, फळीवर दोन्ही हात आपटले. खुर्ची उभी. मग ती शांत बसली आणि फळी चाटायला लागली.

अंजनानं तिला एका हातानं उचललं. खुर्ची खट्‌कन मिटली. अंजनानं ती काखेत मारली, दोन पावलं चालली, खाली टेकवून पायानं उघडली, बनीला बसवली. पुन्हा उचलली, पुन्हा बसवली. मी तोंड फिरवून उगीच खडे गोळा करत बसलो.

चार दिवस खुर्ची माझ्या कामाच्या जागेशेजारी बाभळीखाली उभी होती. बनी तिच्यात बसायची, फळीवर सरकारनं वाटलेली सुकडी कालवलेली असायची, ती निम्मी खायची, निम्मी केसांना लावायची. आणि मी एक गोष्ट बघितली. अंजना हातोडा मारता मारता मान वर करून पोरीकडं बघायची. बघायची आणि पुन्हा हातोडा मारायची. तीन बायांनी मला विचारून ठेवलं होतं, "मेस्त्री, आमच्या लेकरालाबी करून द्या की." जाळी तेवढी आणा म्हटलं, लगेच करतो.

पाचव्या दिवशी साताऱ्याहून साहेब आला.

जीप थांबली तसा भाऊसो धावला. साहेबानं काम बघितलं, ढीग बघितले, मग मस्टर मागितलं. भाऊसोनं मस्टर आणि शाईची दौत पुढं केली. साहेबानं इकडंतिकडं बघितलं.

"इथं टेबल वगैरे काही नाही?"

भाऊसोची नजर फिरली आणि बनीच्या खुर्चीवर येऊन थांबली. कमरेएवढी उंच, वर सपाट गुळगुळीत फळी.

"मेस्त्री, ते आना की जरा."

आता खरं सांगायचं तर त्यानं हुकूम केला नव्हता. आणा की, असं म्हणाला होता. पोर बसलंय, एवढे दोन शब्द मी बोललो असतो तर विषय संपला असता. चार मुकादमांशी भांडलेला माणूस मी. पण साहेब उभा आहे आणि आपल्यातलं कुणी खुर्चीत बसलंय, मग ते दहा-अकरा महिन्यांचं का असेना, हे माझ्या हाडाला सोसेना. साहेब आला की आपण उठायचं, जागा झाडायची, पुढं करायची. बावीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नव्हतो. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगतो. महिनाभर ज्या कामापायी लोक हसले, ते काम साहेबानं बघावं असं मला फार वाटलं.

मी बनीला उचललं. खुर्ची मिटली.

"अरे! ही आपोआप मिटते?" साहेब म्हणाला.

माझी छाती फुगली. बनीला मी बाभळीखाली जमिनीवर ठेवलं. "हितं बस, बाळा, एक घडी," असं तिला सांगितलं, जशी काही ती ऐकणारच होती. खुर्ची उघडली. पण वजनाशिवाय ती उभी राहणार नाही. खुर्ची तपासायला कामावर आणलेला धोंडा तिथंच पडला होता, माझ्या दांड्यांच्या ढिगाजवळ. तो उचलला आणि बनीच्या जागी जाळीत ठेवला. गुडघा बसला, खुर्ची पक्की झाली. खांद्यावरच्या टॉवेलनं फळीवरची सुकडी पुसली आणि म्हणालो, "ठेवा साहेब."

साहेबानं मस्टर ठेवलं, दौत ठेवली, चार पानं चाळली, कुठंतरी सही केली. मग त्याचं लक्ष पुन्हा खुर्चीकडं गेलं. वाकून बघितलं. गुडघ्याला बोट लावलं. हे काय, ते काय, असं विचारत गेला आणि मी सांगत गेलो. जाळी का, ट्यूब का, वजन पडलं की काय होतं आणि निघालं की काय होतं. मी माझ्या जन्मात एवढं बोललो नसेन. महिनाभर पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. धुळ्याचं नावसुद्धा घ्यायला विसरलो.

"छान केलंय हो तुम्ही," साहेब म्हणाला. "आम्हाला अशी सहा करून द्या. प्रत्येक कामावर मस्टरसाठी एक. ही जाळी नको, तिथं नुसती एक फळी टाका."

"व्हय साहेब," मी म्हणालो.

"जमेल ना?"

"व्हय साहेब. जमंल की."

तेवढ्यात तानुबाईची किंकाळी आली.

सगळे हातोडे थांबले. दीडशे हातोड्यांचा आवाज दिवसभर कानात असतो, तो थांबला की काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी बाभळीखाली बघितलं. बनी तिथं नव्हती.

काय झालं ते तानुबाईनं मला मागाहून सांगितलं. बनी रांगत आईकडं गेली होती. अंजनानं खुर्चीकडं बघायचं त्या दिवशी सोडून दिलं होतं असं नाही; पण खुर्चीभोवती साहेब, भाऊसो आणि मी असे तिघं उभे होतो, तिला आमच्या पाठी दिसत होत्या. पोर खुर्चीत आहे असंच ती समजून होती. तिनं हातोडा उगारला आणि तो खाली येत असताना त्याच दगडावर बनीनं आपला तळवा ठेवला. अंजनाला हातोडा थांबवता आला नाही. तिनं तो फिरवला. तो दगड धरलेल्या तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर बसला.

हे मागाहून. तेव्हा मला एवढंच दिसलं की अंजना खडीच्या ढिगांमधून चालत येतेय. डाव्या हाताला पदर गुंडाळलेला, त्याच हातानं बनी कडेवर धरलेली. बनी धुळीनं माखलेली होती आणि आईच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

अंजनानं साहेबाकडं बघितलं नाही. भाऊसो "अगं ए, अगं" करत राहिला, त्याच्याकडंही बघितलं नाही. ती सरळ खुर्चीजवळ आली. जाळीत काय आहे ते तिनं वाकून बघितलं. मग उजवा हात आत घातला आणि धोंडा उचलला.

खुर्ची मिटली. मस्टर धुळीत पडलं, दौत उलटी झाली, शाई साहेबाच्या बुटाजवळ सांडली.

तिनं धोंडा माझ्या हातात दिला.

"ह्यो धरा, आबा," ती म्हणाली.

मग मी शिकवलं होतं तशी तिनं पायानं खुर्ची उघडली आणि बनीला जाळीत बसवली. गुडघा खट्‌कन बसला. बनीनं दोन्ही पाय झाडले, खुर्ची हलली नाही. अंजना वळली आणि आपल्या ढिगाकडं चालत गेली. पदरातून रक्त ठिबकत होतं, ते मला आत्ता दिसलं.

साहेब रागावेल असं मला वाटलं. खरं तर त्यानं रागवावं असं वाटत होतं, म्हणजे मला कुणावर तरी उलटं रागावता आलं असतं. पण तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खाली वाकून मस्टर स्वतः उचललं, धूळ झटकली, जीपकडं गेला आणि ते बॉनेटवर ठेवलं. जीप आल्यापासून तिथंच उभी होती, दहा पावलांवर. त्या बॉनेटवर सहा मस्टरं मावली असती.

भाऊसो हजेरी वाचायला लागला. नाव घेतलं की माणसानं जागेवरून हाय म्हणायचं. तानुबाईचं नाव झालं. धुळ्याचं झालं, तो घोड्याची दोरी धरून लांब उभा होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. मग अंजनाचं नाव आलं.

"हाय," ती म्हणाली.

मग माझं नाव आलं. भाऊसोनं दोनदा पुकारलं. मी धोंडा दोन्ही हातांत धरून तसाच उभा होतो. तो खाली कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. ओढ्यात उभं राहून मीच तोलून तोलून निवडला होता तो, बरोबर बनीएवढा.